जीव म्हणा, आत्मा नको: पणजीतल्या सहा शनिवारांविषयी

पैशांचं आधी सांगते. दुकानात बसणाऱ्या बाईला पहिल्यांदा तेच सुचतं. फी बाराशे रुपये. सहा शनिवार, दुपारी चार ते सहा, मध्ये चहा आणि दोन बिस्किटं. जागा पणजीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. विषय: मध्ययुगात अरब आणि युरोपीय तत्त्वज्ञांमध्ये माणसाचं मन आणि आत्मा यांवरून झालेले वाद. भाषा मराठी, प्रश्न कोकणीत विचारले तरी चालतात. आयोजकांचं नाव इथं लिहीत नाही, कारण पुढं कुरकुर बरीच आहे आणि माणसं मनानं चांगली आहेत.

माझी फोंड्याला फार्मसी आहे. सव्वीस वर्षं गोळ्या मोजतेय, तत्त्वज्ञानाशी संबंध शून्य. गेले ते सासूबाईंमुळे. त्यांना स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षं झाली. डोनेपेझिलची पट्टी मी माझ्याच कपाटातून काढून घरी नेते. घरी येणारा प्रत्येक पाहुणा दारातून निघताना हळूच म्हणतो, "आत्मा आत सगळं जाणत असतो हो." एका शनिवारी नणंद आली होती, तिनंही हेच म्हटलं. मी म्हटलं, जाणतो तर मग बोलत का नाही? त्याच आठवड्यात या वर्गाचं पत्रक हाताला लागलं. नणंदेला दर शनिवारी आईजवळ बसवलं आणि मी बस धरली.

शिकवणारे सर कॉलेजातून निवृत्त झालेले, सत्तरीचे. पडद्यावर काही दाखवत नाहीत, फळ्यावर लिहितात आणि लिहिलेलं खाली पडेपर्यंत पुसत राहतात. एकदा कुणीतरी विचारलं ते त्यांना आलं नाही, तर "बघून सांगतो" म्हणाले आणि पुढच्या शनिवारी खरंच कागद घेऊन आले. माझ्या आयुष्यात असे शिक्षक दोनच झाले, त्यांतले हे दुसरे.

पहिल्या दिवशी इब्न सीना. जन्म 980, मृत्यू 1037, बुखाराकडचा. वैद्यकावरच्या ज्याच्या ग्रंथावर युरोपातल्या विद्यापीठांनी काही शतकं काढली, तोच हा. औषधवाली म्हणून मी लगेच सरसावून बसले. सरांनी दिवे घालवले, डोळे मिटायला सांगितले. म्हणाले, समजा तुम्ही आत्ता या क्षणी पूर्ण वाढलेले असे निर्माण झालात. हवेत तरंगताय. डोळे झाकलेले, कानांवर काही नाही, हातपाय असे पसरलेले की एक अवयव दुसऱ्याला लागत नाही. शरीर आहे हेही तुम्हाला माहीत नाही. तरी 'मी आहे' हे कळेल की नाही? इब्न सीनाचं उत्तर: कळेल. आणि शरीर न कळता 'मी' कळत असेल, तर 'मी' म्हणजे शरीर नव्हे.

हॉल शांत. माझा डावा गुडघा मात्र तरंगायला तयार नव्हता, दोन जिने चढून आला होता बिचारा. ही नुसती थट्टा नाही. दुखणाऱ्या माणसाला तो तरंगता माणूस पटायला जड जातं, आणि पुढं टॉमस अक्वायनस, तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ, आला तेव्हा मला कळलं की माझा गुडघा त्याच्या बाजूनं होता.

दुसऱ्या शनिवारी मेंदूतल्या पाच आंतरिक शक्ती, आणि माझे बाराशे तिथंच वसूल झाले. इब्न सीना म्हणतो, कोकराला लांडगा दिसतो. डोळ्यांनी रंग दिसतो, आकार दिसतो. पण वैराला रंग नाही, आकार नाही. तरी कोकरू पळतं. म्हणजे पाहिलेल्यातून न पाहिलेलं, हा माझ्या वाइटावर आहे की भल्यावर, हे ओळखणारी निराळी शक्ती असली पाहिजे, आणि ती बुद्धी नव्हे, कारण कोकराला बुद्धी नाही. या शक्तीला अरबीत 'वह्म' म्हणतात. आपला 'वहीम' तिथूनच आला, म्हणजे संशय म्हणून जो आपण घेतो तोच. सरांनी हे सांगितलं तेव्हा हॉलमध्ये एकदम सगळे हसले, ओळखीचं माणूस अनपेक्षित गावी भेटावं तसे.

मला घर आठवलं. सासूबाई मडगावहून आलेल्या धाकट्या मुलाला "तुम्ही कोण?" म्हणून विचारतात. पण दमून आलेले आमचे हे आतून चिडलेले असताना वर गोड आवाज काढून "आई, जेव गे" म्हणाले, की ताट बाजूला सारतात. नाव गेलं, नातं गेलं, तारीख-वार गेले. समोरच्याच्या मनात काय आहे ते मात्र त्यांना पहिल्यासारखंच कळतं. पाहुण्यांचा आत्मा-बित्मा राहू दे, हजार वर्षांपूर्वीच्या त्या हकिमाचं कोकरू आमच्या स्वयंपाकघरात बसलं होतं.

आता इब्न सीनाचा मेंदूचा नकाशा चुकलेला होता, ते सरांनीच सांगितलं. मेंदूच्या पोकळ्यांत या शक्ती राहतात, पुढच्या पोकळीत समोर आलेल्या वस्तूच्या प्रतिमा, मधल्या पोकळीत कल्पना आणि हा वह्म, मागच्या पोकळीत स्मृती, असा तो हिशेब. सासूबाईंचा स्कॅन मी पाहिलाय, आठवणींचं काम बिघडलं ते मागं नाही, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला. पण वेगवेगळी कामं वेगवेगळ्या जागी होतात आणि एक बिघडलं तरी दुसरं चालू राहू शकतं, ही मूळ कल्पना घेऊनच तर आमचे न्यूरॉलॉजिस्ट बोलतात.

आता कुरकुर. टिपणांच्या झेरॉक्स देतात, त्या कुणी वाचून पाहिलेल्या नाहीत. इब्न रुश्द, चौथ्या शनिवारी येणारा अरब तत्त्वज्ञ, तीन ठिकाणी 'इब्न रुद्र' झालाय. मला आधी वाटलं हे आपल्याकडचेच कोणी. माईक शिट्टी मारतो. चहा बरा, पण साखर विचारत नाहीत. आणि या सगळ्याहून मोठी तक्रार एका शब्दाची आहे, तिच्यासाठी जरा थांबते.

लॅटिनमध्ये 'आनिमा' असा शब्द आहे. सर आणि टिपणं त्याला सरसकट 'आत्मा' म्हणतात. पहिल्याच दिवशी फळ्यावर आलं: अ‍ॅरिस्टॉटलप्रमाणे आत्म्याचे तीन थर. झाडात वाढण्याचा, जनावरात त्याशिवाय जाणण्या-हलण्याचा, माणसात या दोन्हींवर विचार करण्याचा. आम्ही सगळ्यांनी मुकाट उतरवून घेतलं. 'वनस्पती-आत्मा' असा शब्द माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. तीन शनिवार आम्ही गोंधळलेले. आत्मा म्हटला की आमच्या डोक्यात गीतेतला येतो, जो कापला जात नाही, जळत नाही, कपडे बदलावेत तशी शरीरं बदलतो. अक्वायनस म्हणतो त्यातला निम्मा भाग याच्या बरोबर उलटा.

तिसऱ्या शनिवारी सावईवेऱ्याचे एक कुळागरवाले उठले. कानामागं पेन, पायात रबरी चप्पल, तोवर एक शब्द बोलले नव्हते. म्हणाले, "सर, झाडाक जीव आसता. पूण आत्मो आसता काय?"

झालं. पोफळीचं रोप लावल्यावर महिन्याभरानं आपण काय म्हणतो? रोपानं जीव धरला. आत्मा धरला असं कुणी म्हणेल का? हाच तो आनिमा. ओंडक्यात नसतो, झाडात असतो. मेलेल्या बैलात नसतो, जिवंत बैलात असतो. तो शरीरात भाड्यानं राहायला आलेला पाहुणा नाही. त्याच्यामुळं मांस हे शरीर असतं. अक्वायनसचं 'आत्मा हे शरीराचं रूप आहे' हे वाक्य तीन आठवडे दगडासारखं पडून होतं, 'जीव' म्हटल्याबरोबर हललं.

सरांनी विरोध केला, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. अक्वायनसला मरणानंतर टिकणारंही काही हवं आहे. 'जीव' शब्दात ते कुठं बसतं? मी म्हटलं, आपण जीव गेला म्हणतो, संपला म्हणत नाही. सर हसले, पण फळ्यावर 'आत्मा'च राहिला.

चौथा शनिवार इब्न रुश्दचा. स्पेनमधल्या कॉर्दोबाचा काझी, 1126 ते 1198. मराकेशमध्ये वारला. त्याचं शव जनावराच्या पाठीवरून मायदेशी आणलं तेव्हा एका बाजूला तो आणि तोल साधायला दुसऱ्या बाजूला त्याचीच पुस्तकं बांधली होती, असं इब्न अरबीनं लिहून ठेवलंय. त्याचं मत ऐकून वर्ग उसळला. तो म्हणतो, विचार करणारी बुद्धी सगळ्या माणसांची मिळून एकच आहे. तुमच्या मेंदूतल्या प्रतिमा तुमच्या, माझ्या माझ्या. पण त्यांच्यातून अर्थ उचलणारी शक्ती एकच, सर्वांची, न मरणारी. गुरूनं दिलेलं आणि शिष्यानं घेतलेलं ज्ञान एकच असतं ते त्यामुळं.

चहाच्या वेळी जे झालं त्याचे पैसे वेगळे घ्यायला हवे होते. गोव्यातल्या मराठी वाचणाऱ्यांना फोड करून सांगायला नको: माझं माहेर कवळे मठाचं, स्मार्त, अद्वैती. सासर पर्तगाळी मठाचं, वैष्णव, मध्वाचार्यांचं. लग्न होऊन आले तेव्हा पहिला वाद एकादशीचा झाला होता, आमची एका दिवशी आणि यांची दुसऱ्या. हॉलमध्ये दोन्हीकडची माणसं होती. एक काका म्हणाले, हा मुसलमान काझी आमच्याच मठाचा. दुसरे म्हणाले, जीव अनंत आहेत, प्रत्येक निराळा, हे आमच्या आचार्यांनी अक्वायनसच्याच शतकात सांगितलंय. हिशेब बरोबर होता: मध्वाचार्य 1238 ते 1317, अक्वायनस साधारण 1225 ते 1274. इब्न रुश्दच्या या मतावरून पॅरिसमध्ये पेटलेलं भांडण विझतंय न विझतंय तोच, 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली. सरांनी दोन्ही काकांना थांबवलं. म्हणाले, इब्न रुश्दची एक बुद्धी म्हणजे ब्रह्म नव्हे. ती ईश्वर नाही, जगाचं मूळ नाही, तुम्ही तिच्यात विलीन होत नाही. ती फक्त विचार करते, आणि तुम्ही मेलात की तुमचं तिच्याशी खातं बंद. काकांना ते आवडलं नाही. मला आवडलं. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून एकाच डब्यात घालू नयेत, हे आमच्या धंद्यात फार लवकर शिकावं लागतं.

पाचव्या दिवशी सरांनी खरीखुरी वादसभा लावली. तिथल्या विद्यापीठांत अशीच असायची: आधी प्रश्न, मग विरुद्ध बाजूचे सगळे मुद्दे, मग 'याउलट', मग निर्णय, आणि शेवटी प्रत्येक विरोधी मुद्द्याला वेगळं उत्तर. आपल्या पूर्वपक्षासारखं. आणि याचा गोव्याशी संबंध आहे. 1556 मध्ये इथिओपियाला निघालेला छापखाना गोव्यात राहिला, जेजुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात. भारतातला पहिला. त्यावर सुरुवातीला जे छापलं त्यात विद्यार्थ्यांच्या वादसभेसाठीची प्रमेयं होती. त्या कॉलेजची आता जुन्या गोव्यात एक कमान उरलीय. सव्वीस वर्षं येता-जाता मी ती कुठल्यातरी पडक्या इगर्जीची समजत होते.

मला वाट्याला आलं सीजेर द ब्राबांचं काम, पॅरिसमध्ये इब्न रुश्दची बाजू घेणारा तो शिक्षक. मी दुकानाच्या भाषेत मांडलं: हॉलमध्ये ट्यूबलाइट एक आहे, त्या एकाच उजेडात प्रत्येकाला आपापल्या खुर्चीवरून वेगळं दिसतं, तशी बुद्धी एक आणि विचार वेगवेगळे. टाळ्या पडल्या. समोर अक्वायनस म्हणून रायबंदरच्या एक शिक्षिका होत्या, निवृत्त, कॅथलिक, मराठी माझ्याहून चांगलं. त्या उठल्या आणि 1270 मधल्या त्याच्या पुस्तिकेतला मुद्दा काढला. भिंतीचा रंग डोळ्याला दिसतो. म्हणून भिंत पाहते का? पाहतो डोळा, भिंत नुसती दिसते. तसं त्या एका बुद्धीनं माझ्यातल्या प्रतिमा वापरून विचार केला, तर मी विचार करणारी नाही, मी भिंत. आणि मी भिंत नाही. विचार मीच करतेय, हे मला कुणी सांगायला नको.

मला उत्तर सुचलं नाही. बसमध्येही सुचलं नाही. बाणस्तारीच्या पुलावर थोडंसं सुचल्यासारखं झालं, पण तेवढ्यात एकानं माझ्या पायावर नारळाची पिशवी ठेवली.

त्याच दिवशी वर्गात पॅरिसच्या बिशपचं फर्मान आलं. 7 मार्च 1277, 219 विधानांवर बंदी, सगळ्या माणसांना मिळून बुद्धी एकच हेही त्यात. अक्वायनसला जाऊन त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती, आणि फर्मानाचे काही फटके त्याच्याही मतांना बसत होते. इंग्लंडमध्ये तर त्याच महिन्यात ऑक्सफर्डला दुसरी यादी निघाली. तिथला वाद प्रेताचा होता. अक्वायनसप्रमाणे शरीराला शरीर करणारा जीव एकच. तो गेला की मागं राहतं ते त्या माणसाचं शरीर फक्त नावाला. फ्रान्सिस्कन पंथाचे साधू म्हणाले, मग थडग्यातले तीन दिवस ख्रिस्ताचं शरीर कुणाचं होतं? संतांच्या अवशेषांना आपण वंदन करतो ते कशाला? शरीराला शरीरपण देणारं एक वेगळं रूप हवंच, जे मरणानंतरही राहतं. हे ऐकताना हॉलमधल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली असणार, जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमधली सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी. मी येताना-जाताना तिच्यासमोरून जाते. दर दहा वर्षांनी शवदर्शन होतं, आमच्या घरचेही रांगेत उभे राहतात. मागच्या वेळी, 2024 च्या डिसेंबरात, सासूबाईंना चाकाच्या खुर्चीवरून नेलं होतं. रायबंदरच्या बाईंना कुणीतरी विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूच्या? त्यांनी पर्समधून पेरवाचा डबा काढला आणि आधी फोडी वाटल्या. मग म्हणाल्या, "रांगेत उभी असताना मी कधी अक्वायनसला विचारलं नाही."

सहावा शनिवार मात्र वाया. अक्वायनसनंतरचे डन्स स्कोटस आणि ऑकम, दोघांना मिळून वीस मिनिटं, 1312 ची व्हिएनची धर्मसभा एका वाक्यात, पोम्पोनाझीचं 1516 मधलं पुस्तक, आत्म्याचं अमरत्व निव्वळ युक्तिवादानं सिद्ध करता येत नाही असं म्हणणारं, घाईघाईत. माझं म्हणणं आहे की आठ शनिवार करा आणि सोळाशे घ्या. हिल्डेगार्ड या बाराव्या शतकातल्या विद्वान जर्मन जोगिणीचं नाव सहा आठवड्यांत एकदाही आलं नाही. शिवाय फादर स्टीफन्सनं 1616 मध्ये रायतूरला मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं, तेव्हा याच 'आनिमा'साठी त्यानं कोणकोणते शब्द वापरले असतील, एवढा एकच धडा घेतला असता तर माझी वरची तक्रार कदाचित मिटली असती. गोव्यात हा वर्ग घ्यायचा आणि तो धडा गाळायचा, म्हणजे शिगम्याला येऊन रोमटामेळ न बघण्यासारखं.

तरी त्या शेवटच्या दिवशी मी माझा प्रश्न विचारला. सर्वांसमोर नाही, फळा पुसताना. म्हटलं, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा आत्मा आत सगळं जाणतो का?

सरांनी पुसणं थांबवलं. म्हणाले, अक्वायनसला विचाराल तर नाही. त्यानं मोठ्या ग्रंथात लिहिलंय, बुद्धीला स्वतःचा अवयव नसला तरी प्रतिमांशिवाय ती या देहात काम करू शकत नाही. म्हणून वाताच्या भरात किंवा गुंगीत माणसाला आधी येत असलेलंही कळेनासं होतं. आतमध्ये सगळं जाणणारा दुसरा कोणी लपलेला नाही. आणि मेल्यावर? मेल्यावर शरीराविना आत्म्याचं जाणणं त्याच्या स्वभावाला धरून नाही, असं तो कबूल करतो. नुसता आत्मा उरला म्हणजे मी उरलो असं नाही, हेही त्यानंच लिहिलंय. म्हणून तर त्याला पुन्हा देह हवा, कयामतीच्या दिवशी.

मी म्हटलं, म्हणजे आमच्या घरात बसल्यात त्याच त्या, सगळ्या, जेवढ्या आहेत तेवढ्या.

सर म्हणाले, असं तो म्हणेल. इब्न सीना वेगळं म्हणेल. तुम्ही काय म्हणता?

मी म्हटलं, माझी बस साडेसहाची आहे.

हे उत्तर कुणाला रुक्ष वाटेल. मला बरं वाटलं. "आतून सगळं जाणतात" म्हणणाऱ्या पाहुण्यांमुळं मला चार वर्षं वाटत होतं की मी सासूबाईंशी चुकीच्या खोलीत बोलतेय, खऱ्या त्या पलीकडं कुठं तरी कोंडून बसल्यात. आता ताट सारणारा तो हात हाच पत्ता धरून बोलते. यांनाही सांगून टाकलंय, आवाज गोड काढू नका, आधी चहा घ्या, शांत व्हा, मग भरवायला बसा. कोकराला कळतं.

पाचपैकी चार. अर्धा जिन्यांचा कापला, अर्धा सहाव्या शनिवारचा. 'इब्न रुद्र' माफ. जाणार असाल तर डावीकडची पुढची रांग धरा, उजवीकडचा पंखा फळ्यावरचे कागद उडवतो. गुडघे दुखत असतील तर साडेतीनलाच पोचा. पाण्याची बाटली न्या.

निघताना सरांना पुन्हा म्हटलं, पुढच्या वेळी 'जीव' लिहा. "बघू," म्हणाले. सावईवेऱ्याचे ते कुळागरवाले मागंच उभे होते, ते म्हणाले, पत्रक छापायच्या आधी आम्हाला दाखवा.